कोरड्या नळाचं हार्दिक अभिनंदन

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. शाळेतला नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. फळा म्हटलं की तुम्हाला गृहपाठ आठवतो आणि तुमची तोंडं उतरतात. मी चौकातला फळा. सोलापूरहून एसटीनं निघालं की तासाभरात आमचं गाव येतं, आणि आणखी थोडं पुढं गेलं की कानडी मुलूख सुरू होतो. गावाच्या तेलवेशीत, लिंबाच्या झाडाखाली, दोन खांबांवर मी उभा आहे. चौकात काय घडलं, कुणाचं काय हरवलं, कुणाकडे काय सापडलं, ते रोज सकाळी माझ्यावर लिहिलं जातं. कार्यक्रम असला की मला 'वार्ताफलक' म्हणतात. एरवी मी नुसता फळाच.

माझा जन्म सत्तर सालचा. सोलापूरच्या एका कापडगिरणीत नवं यंत्र आलं होतं. त्याच्या खोक्याच्या फळ्या भंगारात निघाल्या, त्या ज्ञानबा सुतारानं बैलगाडीत घालून आणल्या. त्यानं मला तासलं, जोडलं आणि खाली खडू ठेवायला एक खाच केली. मग जुन्या बॅटरीच्या सेलातली काळी पूड आणि माक्याच्या पाल्याचा रस एकत्र करून मला चोळलं. तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं. सगळं जग गोरं व्हायला बघतं आणि मला हे लोक काळं का करतायत, ते कळेना. दुसऱ्या दिवशी माझ्यावर पहिलं पांढरं अक्षर उमटलं आणि माझी तक्रार संपली.

ते अक्षर शिवयोगी मास्तरांचं. मास्तर मराठी शाळेतून नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांच्या घरात कानडी, चौकात मराठी, आणि रागावले की दोन्ही. रोज सकाळी आंघोळ करून, कपाळाला भस्म लावून ते यायचे. आधी ओल्या फडक्यानं मला पुसायचे. मला गुदगुल्या व्हायच्या, पण फळ्याला हसता येत नाही, म्हणून मी नुसता कुरकुरायचो. मग ते टपोऱ्या अक्षरांत लिहायचे. 'कोंडीबाची पांढरी शेळी हरवली आहे, उजवा कान फाटका.' 'रंभाबाईस मुलगी झाली, बाळबाळंतीण सुखरूप.' 'उद्या सोलापूरची पहिली गाडी सुटणार नाही.' एकाहत्तरच्या लढाईत तर माझ्यापुढे एवढी गर्दी व्हायची की मागच्यांना पुढचे लोक मोठ्यानं वाचून दाखवायचे. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायचं काम कुठं निघालंय, पोरांना सुकडी कुठं मिळतेय, हे लोक माझ्यावरच बघायचे. सुकडीची बातमी वाचून पळत सुटलेली पोरं बघितली की मला माझ्या काळेपणाचा अभिमान वाटायचा.

माझ्या पायाशी गोजरबाई बसायची. तिच्याकडे शेंगाची चटणी आणि कडक भाकरी मिळायची. तिला वाचता येत नव्हतं, पण माझ्यावरची एक ओळ तिच्या नजरेतून, म्हणजे कानांतून, सुटत नसे. तिचा एक रिवाज होता. चटणी घ्यायला आलेल्यानं आधी फळा वाचून दाखवायचा.

"काय म्हनतुया आज फळा?" ती विचारायची. गिऱ्हाईक वाचायचं. मग तिची पुडी बांधून व्हायची. घाईत असलेल्या माणसानं एखादी ओळ गाळली, तर दुसऱ्या गिऱ्हाइकाकडून ते तिला कळायचंच. मग पहिल्या माणसाला पुढच्या खेपेला चटणी जरा कमी मिळायची.

मित्रांनो, माझे ते दिवस फार सुखाचे होते. माझ्याच समोर किराणा दुकानाची पत्र्याची पाटी होती. ती जन्मभर एकच वाक्य बोलत आली आहे. मला तिची दया यायची.

मग पंचाहत्तर साल आलं. देशभर लिहिण्याबोलण्यावर पहारा बसला. वर्तमानपत्रांतसुद्धा आधी दाखवल्याशिवाय काही छापता येईना. आमची नगरपालिकाही मागे कशाला राहील? तिनं फलकांसाठी एक पोटनियम केला. कुठल्याही फलकावर काय लिहिणार, ते आठ दिवस आधी कार्यालयात दाखवायचं आणि शिक्का घ्यायचा. सूट फक्त दुकानांच्या नावांना, देवाच्या कार्यक्रमांना आणि स्वागत, शुभेच्छा, अभिनंदन यांना. म्हणजे गोड बोलायला मोकळीक आणि बाकी सगळ्याला शिक्का.

मास्तरांनी एकदा नियम पाळून बघितला. चौकातल्या चनमल्लप्पांच्या नातवाच्या बारशाचं आमंत्रण लिहायला परवानगी मागितली. शिक्का मिळाला तेव्हा बारसं होऊन गेलं होतं आणि घुगऱ्याही संपल्या होत्या. त्यानंतर मास्तरांनी बातम्या सोडून दिल्या आणि एक सुविचार मंजूर करून आणला. 'नेहमी खरे बोलावे.' ते वाक्य माझ्यावर किती महिने होतं, मला सांगता येणार नाही. खरं बोलावं असं लिहायला मंजुरी मिळाली, खरं लिहायला मात्र मिळाली नाही. लिंबावरच्या कावळ्यांनी मला पार रंगवून टाकलं. गोजरबाई गिऱ्हाइकांना काही विचारीनाशी झाली. तोच सुविचार रोज कोण ऐकणार? त्या दिवसांत मला मी पत्र्याची पाटी झालोय असं वाटायचं, आणि ते फार लागायचं.

सत्याहत्तर साली देशातला पहारा उठला. सोलापूरची वर्तमानपत्रं पुन्हा मोकळेपणानं बोलू लागली. मास्तर ज्ञानबाला घेऊन आले. दोघांनी मिळून मला घासलं, पुन्हा काळी पूड चोळली, आणि मास्तरांनी खडू हातात घेऊन गोजरबाईला विचारलं, "बोला गोजरबाई, काय लिहू?"

"पान्याचं लिवा," ती म्हणाली. "आठवड्यात एकदा येतंया, ते बी घागर भरायच्या आत जातंया. बाजारपेठेत रोज, आन् आमी काय पाप केलंया?"

मास्तरांनी साध्या शब्दांत लिहिलं : 'तेलवेस चौकातल्या नळाला आठवड्यातून एकदाच पाणी येते. नगरपालिकेने लक्ष द्यावे.' मी इतका खूश झालो की काय सांगू! पण माझी खुशी दुपारपर्यंतच टिकली. देशातला पहारा उठला होता, पण आमच्या नगरपालिकेचा पोटनियम कुणी उठवलाच नव्हता. कुणाच्या ते लक्षातच आलं नव्हतं. दुपारी परवाना खात्यातला कुंडलिक हातगाडी घेऊन आला.

कुंडलिक आमच्याच चौकातला. त्याला माझ्याकडे बघवेना. "मास्तर, माज्याबी घरात घागर रिकामीच हाय," तो म्हणाला. "पन शिक्का न्हाय, म्हंजे जप्ती. नियम हाय, मी काय करू?"

मला हातगाडीवर आडवं टाकून कोंडवाड्यात नेलं. नगरपालिकेकडे जप्त माल ठेवायला दुसरी जागा नव्हती. मोकाट जनावरांत मी एकटा लाकडी. तिथं एक म्हैस होती. तिनं माझ्यावरचं सगळं लिखाण चाटून साफ केलं, आणि तिला ते आवडलं असावं, कारण ती पुन्हा पुन्हा येत राहिली. माझं तिच्याशी चांगलं जमलं. खरं सांगायचं तर भीती मला तिची नव्हती. मास्तरांनी दंड भरून मला सोडवलं तेव्हा कुंडलिकनं वरून आलेला निरोप सांगितला. पुन्हा बिनशिक्क्याची तक्रार दिसली, तर फळा फोडून त्याचं सरपण करायचं.

कुंडलिकनंच मला हातगाडीवरून परत आणलं आणि पुन्हा खांबांवर चढवलं. मास्तर खडू घेऊन माझ्यापुढे उभे राहिले, पण त्यांचा हात उठेना. लिहावं तर मी जाणार, न लिहावं तर पाणी येणार नाही. आमच्या वर, दोन झाडांच्या मध्ये, नगराध्यक्ष वीरभद्रप्पांच्या अभिनंदनाचा भला मोठा पत्र्याचा फलक लटकत होता. गोजरबाईनं मान वर करून तो बघितला.

"कुंडलिक, त्याला रं शिक्का हाय का?"

"त्याला लागत न्हाय की. ते अभिनंदन हाय."

"आसं?" गोजरबाईनं पदर खोचला. "मग आपनबी अभिनंदन करू की मास्तर! पानीखात्याचं करू."

मास्तरांनी आधी तिच्याकडे, मग वरच्या फलकाकडे बघितलं. मग त्यांच्या पोटातून असं हसू फुटलं की कपाळावरचं भस्म घामानं पसरलं. त्यांनी माझ्या चारी बाजूंनी वेलबुट्टी काढली, कोपऱ्यांत कमळं काढली, वर 'श्री' घातलं आणि लिहिलं :

'तेलवेस चौकातल्या नळास आठवड्यातून एकदा, तेही दर्शनापुरते, पाणी सोडल्याबद्दल नगरपालिकेच्या पाणीखात्याचे हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक : चौकातील समस्त रिकाम्या घागरी.'

कुंडलिकनं ते एकदा वाचलं. मग खिशातून नियमाचा कागद काढला आणि तो वाचला. मग परत मला वाचलं. "बसतंया," तो हळूच म्हणाला. "नियमात बसतंया की वो!" आणि हातगाडी तशीच मोकळी घेऊन तो परत गेला. जाताना त्याचे खांदे हलत होते. तो हसत होता, हे पाठीमागूनसुद्धा कळत होतं.

मित्रांनो, पुढचे दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात आनंदाचे. रोज नवं अभिनंदन. खांबावर दिवा न लावता चांदण्याची शोभा वाढवल्याबद्दल दिवाबत्ती खात्याचं अभिनंदन, शुभेच्छुक : ठेचाळलेली बोटं. गटार गटारात न ठेवता सर्वांच्या दारापर्यंत पोहोचवल्याबद्दल आरोग्यखात्याचं अभिनंदन, शुभेच्छुक : डास. गोजरबाईचा रिवाज पुन्हा सुरू झाला. फळा वाचला नाही तर पुडी नाही. बाजारच्या दिवशी आसपासच्या खेड्यांतली माणसं ज्वारीची पोती सोडून आधी माझ्याकडे यायची. एक म्हातारा तर हसता हसता खाली बसला आणि त्याला पाणी पाजायला घरोघर विचारावं लागलं, कारण चौकात पाणी नव्हतंच. ते बघून बाकीचे आणखी हसले. कुंभारवाड्यानं, मंडईनं आपापल्या भिंतींवर अभिनंदनं लिहिली. गावभर नुसतं कौतुक चाललं होतं. सोलापूरच्या एका वर्तमानपत्रानं ते छापलं, आणि मग ते वीरभद्रप्पांच्या चहाच्या टेबलावर जाऊन पडलं.

वीरभद्रप्पा माणूस वाईट नव्हे. मोठ्या मिशा, मोठा आवाज आणि कौतुकाची भारी हौस, एवढंच. त्या दिवशी काय झालं, ते कुंडलिकनं गोजरबाईपाशी बसून भाकरी मोडता मोडता सांगितलं, म्हणून मला कळलं. वीरभद्रप्पांनी पेपर आपटला आणि ते ओरडले, "आजपासून अभिनंदनालाही शिक्का लावा! आठ दिवस आधी!"

"लावतो की, अप्पा," कुंडलिक म्हणाला. "पन परवा तुमचा वाढदिवस हाय. तुमच्या अभिनंदनाच्या पाट्या रंगवून तयार हायत. त्यास्नीबी मग आठ दिस थांबाय लागंल."

वीरभद्रप्पा मिशीवरून हात फिरवू लागले. सूट ठेवावी तर आमचा चौक ऐकत नव्हता, काढावी तर वाढदिवस सुना जाणार. शेवटी ते म्हणाले, "सभा बोलवा."

सभेला मी नव्हतो. फळ्याला कोण नेतो? पण चौक सगळा गॅलरीत जाऊन बसला होता, आणि गोजरबाईनं परत येऊन मला ऐकू जाईल अशा आवाजात सगळं सांगितलं. तिच्या सांगण्यात तिखट जरा जास्त असतं, ते तुम्ही वजा करा. चनमल्लप्पा आमच्या चौकाचे नगरसेवक. एरवी सभेत डुलक्या काढणारा माणूस, पण बारशाच्या आमंत्रणाचा राग त्यांच्या मनात होताच. ते उभे राहिले.

"अध्यक्ष महाराज," ते म्हणाले, "घटनेनं प्रत्येकाला बोलायचं न् लिहायचं स्वातंत्र्य दिलंय. गोड लिवनाऱ्याला दिलंय आन् कडू लिवनाऱ्याला न्हाय, असं त्यात कुटं हाय? फळा रस्त्यात येतो का, वारं सुटल्यावर कुनाच्या डोक्यात पडंल का, वळनावरची गाडी झाकतो का, हे नगरपालिकेनं बघावं. फळा काय म्हनतो, ते वाचनारा बघून घील. कुनाची खोटी बदनामी केली, तर त्याला कोर्ट हाय. आपन कशाला हेडमास्तर व्हायचं?"

गॅलरीतून टाळ्या पडल्या. एक सदस्य म्हणाला, असं मोकळं सोडलं तर लोक वाटेल ते लिहितील. त्यावर मुख्याधिकाऱ्यांनी शांतपणे सांगितलं, की उद्या कुणी कोर्टात गेलं तर हा पोटनियम तिथं टिकणार नाही. मजकूर बघून एकाला सूट आणि दुसऱ्याला जप्ती, असं करता येत नाही. मग वीरभद्रप्पांनी सगळ्यांकडे बघितलं आणि सगळ्यात आधी स्वतःचाच हात वर केला.

नवा नियम सोपा होता. फलक किती लांब, किती रुंद, किती उंचावर आणि रस्त्यापासून किती आत, ते ठरलं, आणि ते सगळ्यांना सारखं. काय लिहायचं, त्याला शिक्का नाही, परवानगी नाही.

आणि गंमत बघा, या नियमाचा पहिला दणका मलाच बसला. माझा एक खांब रस्त्यात येत होता. ज्ञानबानं मला उपटून दोन हात मागे रोवलं. मी कुरकुरलो, पण ते योग्यच होतं. दुसरा दणका वीरभद्रप्पांच्या भल्या मोठ्या फलकाला. तो वळणावरची एसटी झाकत होता. तोही खाली आला.

नव्या नियमानंतरच्या पहिल्या सकाळी मास्तरांनी वेलबुट्टी काढली नाही. कमळं काढली नाहीत. साधं लिहिलं : 'चौकातल्या नळाला पाणी नाही. कधी येणार?' सगळा चौक जमला होता. कुणी गूळखोबरं वाटलं, हलगीवाल्यानं हलगी काढली.

तेवढ्यात वीरभद्रप्पा आले. चालत आले, एकटे. हलगी थांबली. ते माझ्यापुढे उभे राहिले, सगळं वाचलं आणि हात पुढे केला. "मास्तर, खडू द्या."

चौकात कुजबुज सुरू झाली. "त्यांनी का म्हनून लिवायचं? आपला फळा हाय." "त्यांच्याकडं पाट्या काय कमी हायत?" मास्तरांनी खडू मुठीत घट्ट धरला. मलाही खरं तर तेच वाटत होतं. याच माणसाच्या कचेरीनं मला सरपणात घालायचं ठरवलं होतं.

"द्या की मास्तर," गोजरबाई खालून म्हणाली. "नियम सगळ्यास्नी सारखा झालाया न्हवं?"

मास्तरांनी खडू दिला. वीरभद्रप्पांचं अक्षर अगदी वाईट, पण त्यांनी मन लावून लिहिलं :

'पाणी येते त्या दिवशी नळाची तोटी काढून नेणाऱ्या व निम्मे पाणी गटारात घालवणाऱ्या तेलवेस चौकाचे हार्दिक अभिनंदन! मोटर दुरुस्त होत आहे. सोमवारपासून एक दिवसाआड पाणी सोडू. शुभेच्छुक : वीरभद्रप्पा.'

कुणी हसलं नाही. ते झोंबलं, मित्रांनो. फार झोंबलं. मागून कुणी तरी ओरडलं, "पुसा ते!" दुसऱ्यानं साथ दिली. मास्तरांचा चेहरा लाल झाला होता. एवढ्या खटपटीनं वाचवलेल्या फळ्यावर चौकाचीच नाचक्की? त्यांचा हात खांद्यावरच्या ओल्या फडक्याकडे गेला. फडकं माझ्या इतकं जवळ आलं की मला त्याचा गारवा लागला.

"थांबा," गोजरबाई म्हणाली. "आदी मला वाचून दावा."

मास्तरांनी वाचून दाखवलं. गोजरबाईनं ऐकलं, मान वळवून नळाकडे बघितलं. नळाला तोटी नव्हती. तोटीच्या जागी कापडाचा बोळा होता, आणि तो चौकातल्याच माणसानं कोंबला होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"खोटं काय हाय त्यात?" ती म्हणाली. "लई झोंबलं, पन खरं हाय. पुसू नगा मास्तर. खाली जागा हाय, आपलंबी लिवा."

मास्तरांनी नळातल्या बोळ्याकडे बघितलं. मग त्यांनी फडकं परत खांद्यावर टाकलं, वीरभद्रप्पांच्या हातून खडू घेतला आणि त्यांच्या ओळींखाली लिहिलं : 'तोटी उद्या बसवतो. सोमवारची वाट बघतो. आपला, तेलवेस चौक.' वीरभद्रप्पा ते वाचून एवढ्या मोठ्यानं हसले की लिंबावरचे कावळे उडाले. मग सगळाच चौक हसायला लागला आणि हलगी पुन्हा सुरू झाली. गोजरबाईनं त्यांना चटणीची पुडी दिली, पण आधी सगळा फळा त्यांच्याकडून मोठ्यानं वाचून घेतला. सोमवारी पाणी आलं. जरा गढूळ होतं, पण आलं.

आता माझा रंग विटलाय, एका फळीला चीर गेलीय. वर्षातून एकदा काळी पूड चोळलीत, खांबांची वाळवी बघितलीत, तर मी आणखी बरीच वर्षं उभा राहीन. पण माझं खरं मागणं ते नाही. मित्रांनो, एखाद्या सकाळी माझ्यावर तुम्हाला न पटणारं काही लिहिलेलं दिसेल. कदाचित तुमच्याबद्दलच असेल. राग येईल आणि हात आपोआप फडक्याकडे जाईल. तेव्हा जरा थांबा. खडू खाली खाचेतच असतो. तो घ्या आणि तुमचं लिहा. माझ्यावर जागा आहे.